विचारणाऱ्याला उत्तर कसे द्यावे?

मंडळी, आपल्या मावळात बारा महिने पाहुणे येतात. ते वाट विचारतात, आपण सांगतो. यात शिकायचे काय, असे तुम्ही म्हणाल. मलाही तसेच वाटे. पण एकदा माझी चूक झाली. ती ऐका.

मी मळवली स्टेशनाबाहेर उभा होतो. पुण्याहून लोकल आली. एक तरुण म्हाताऱ्या आईला घेऊन उतरला. "आजोबा, लेणी कुठे आहेत?" त्याने विचारले. मी लगेच भाज्याची वाट दाखवली. मायलेक गेले.

दुपारी दोघे परत आले. चहाच्या टपरीवर तरुण सर्वांदेखत म्हणाला, "आजोबा, चुकीचं सांगितलंत. आम्हांला एकवीरेला जायचं होतं!"

मळवलीजवळ लेणी दोन ठिकाणी आहेत. रुळांच्या दक्षिणेला भाजे, उत्तरेला कार्ले. दोन्ही सुमारे २,००० वर्षांपूर्वीची. एकवीरा आईचे देऊळ आहे ते कार्ल्याला. भाज्याच्या पायऱ्या चढून म्हातारीचे गुडघे थकले. पुन्हा चढायचे बळ उरले नाही. दर्शन राहिले.

"गुरुजी नापास!" टपरीवरचा एक जण म्हणाला. सगळे हसले. मला राग आला. "तूच नीट विचारलं नाहीस," असे तोंडावर आले होते. पण म्हातारीकडे पाहिले आणि शब्द गिळला. "माझं कुठं चुकलं?" मी विचारले.

"कुठली लेणी, एवढं विचारायचंत," तो म्हणाला.

खरे होते. आधी प्रश्न समजून घ्या, मग उत्तर लिहा, असे मी जन्मभर मुलांना सांगितले. आणि मीच विसरलो.

तेव्हापासून मी चार गोष्टी पाळतो.

१. प्रश्न पुरा ऐकावा. शंका वाटली तर उलट विचारावे.

२. माहीत असेल तेवढेच सांगावे. नसेल तर "मला ठाऊक नाही" म्हणावे आणि जाणत्याकडे पाठवावे. भाताच्या औषधाचा प्रश्न असो की दाखल्याचा, अंदाजाने सांगू नये.

३. नुसते "तिकडे" म्हणू नये. दिशा, खूण, चढ किती, सारे सांगावे.

४. कोणी चूक म्हटले तर चिडू नये. कुठे चुकले ते विचारावे. चुकले असेल तर सुधारावे. बरोबर असेल तर शांतपणे कारण सांगावे. उगाच नावे ठेवणारेही असतात. त्यांच्याशी वाद घालू नये.

आता कोणी लेणी विचारली, की मी आधी विचारतो, "भाजे की कार्ले?"