फूटपट्टीएवढी ‘विक्रांत’

भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका ‘विक्रांत’ सुमारे 213 मीटर लांब होती. तिला 700 पटींनी लहान केलं की ती शाळेतल्या फूटपट्टीएवढी होते. इथवर ठीक. पण लांबी 700 पटींनी घटते तेव्हा आकारमान चौतीस कोटींहून जास्त पटींनी घटतं. सोळा हजार टनांचं ते धूड याच हिशेबानं आटवलं, तर तळहातावर उरतात जेमतेम 47 ग्रॅम!

हे 1:700 चं माप रुळलं ते जपानमुळे. शिझुओका भागातल्या तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या प्लॅस्टिक मॉडेल बनवणाऱ्या चार कंपन्यांनी 1971 मध्ये एकत्र येऊन या मापात युद्धनौकांच्या मॉडेलांची मालिका सुरू केली. तळ पाण्याच्या रेषेवर सपाट कापलेला, म्हणजे मॉडेल टेबलावर ठेवलं तरी तरंगतंय असं वाटावं.

या मापात खलाशी अडीच मिलिमीटरचा होतो आणि डेकच्या कडेची सेंटिमीटरभर जाडीची तार 0.014 मिलिमीटरची. इतकं बारीक प्लॅस्टिक साच्यातून निघत नाही. म्हणून कठडे पितळेच्या पातळ पत्र्यातून करतात. पत्र्यावर प्रकाशानं नक्षी उमटवायची आणि नको तेवढं पितळ रसायनानं खाऊन टाकायचं. तरीही कठडा मापापेक्षा जाडच राहतो, आणि गंमत म्हणजे डोळ्याला तोच खरा वाटतो. रंगाचंही तसंच. जहाजाचा अस्सल करडा रंग मॉडेलला फासला तर ते काळवंडल्यासारखं दिसतं. दूरची वस्तू हवेमुळे फिकट दिसते, म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळावा लागतो.

खरी मजा विमानांत आहे. सी हॉक बारा मीटरचं, इथे सतरा मिलिमीटर. या जेटच्या शेपटाला भोक नसतं. इंजिनाचा झोत दुभंगून दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर पडतो. म्हणून सुईएवढ्या ड्रिलनं भोकं पाडायची ती तिथे. पाणबुड्या शोधणाऱ्या अलिझेचं पुढचं प्रोपेलर आणि पंखांतून पुढे आलेले चाकांचे फुगवटे चुकवून चालत नाही. डेकवर दाटी दाखवायची तर काही पंख कापून, वर दुमडून पुन्हा चिकटवायचे. शंका आली तर गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात दोन्ही विमानं उभी आहेत. पंखाची घडी नेमकी कुठे पडते हे तिथे जितकं कळतं, तितकं कुठल्याच फोटोतून कळत नाही.

पण त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: कुठल्या दिवसाची विक्रांत? ती 1961 मध्ये नौदलात आली आणि 1997 मध्ये निवृत्त झाली. सी हॅरियर विमानांसाठी पुढच्या टोकाला वर चढत जाणारा उतार बसला तो ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, तोवर सी हॉक गेले होते. उतार आणि सी हॉक एकाच डेकवर दिसले, तर जाणकार भुवया उंचावणारच.

समजा दिवस ठरला बांगलादेश युद्धातला, 4 डिसेंबर 1971. सी हॉक कॉक्स बझारवर हल्ल्याला निघालेत. उड्डाणासाठी जहाज वाऱ्याला तोंड देतं, म्हणजे ध्वज मागच्या बाजूला फडकायला हवा. विमानाला डेकवरून वेगानं पुढे फेकणाऱ्या कॅटापुल्टवर एक विमान असलं, तर त्याच्या वाटेत कुणी खलाशी उभा असता कामा नये. राहता राहिलं पाणी. पारदर्शक जेलच्या थरांनी समुद्र करताना हात आपोआप नाकाशी मोठी फेसाळ लाट उभारतो, तशी ती देखणीही दिसते. पण त्या युद्धात विक्रांतच्या एका बॉयलरला तडे होते आणि वेग आवरता घ्यावा लागला होता. वारा पुरेसा नसतानाही विमानं उडवण्याची कसरत वैमानिकांनी आणि कॅटापुल्टवरच्या लोकांनी केली. तेव्हा नाकाशी फेस थोडाच लावायचा, आणि मागची पांढरी रेघही लवकर विरू द्यायची.