हार्ड डिस्कवांचून चालणारे संगणक

पैनगंगेच्या कांठीं वसलेल्या मेहकर गांवीं एखाद्या शाळेंत ३० संगणक आहेत, असें समजा. प्रत्येकाच्या पोटांत स्वतंत्र हार्ड डिस्क, आणि यंत्राला कामास लावणारी आज्ञावली तिच्यांत. एकाची डिस्क बिघडते, दुसऱ्यांत विषाणु शिरतो, तिसऱ्यांतील आज्ञावली कोणी चुकून पुसतो. जाणता कारागीर बुलढाण्याहून येईपर्यंत मुलांचे तास बुडतात. मग प्रत्येक यंत्राला स्वतःची डिस्क हवीच कशाला?

परगांवीं शिकणारा विद्यार्थी आपल्या खोलींत चूल मांडीत नाहीं. तो खानावळींत जेवतो. बिनडिस्कचा संगणकहि तेंच करतो. वीज सुरू होतांच यंत्रांत कायमची बसविलेली एक छोटी आज्ञावली जागी होते. आपला पत्ता यंत्राला ठाऊक नसतो. नेटवर्क कार्डाला कारखान्यांत दिलेला क्रमांक तेवढा ठाऊक असतो. तो सांगून तें तारेवरून सर्वांना उद्देशून हांक मारतें. मुख्य संगणक, म्हणजे सर्व्हर, उत्तर देतो: हा तुझा पत्ता, आणि अमुक फाइल अमुक ठिकाणाहून घे. ती लहानशी फाइल येते; मागोमाग कार्यप्रणालीचा गाभा स्मृतींत उतरतो; बाकीचें सारें सर्व्हरच्या डिस्कवरून, आपल्याच डिस्कवरून वाचावें तसें, वाचलें जातें.

हे संकेत एका दिवसांत ठरले नाहींत. फाइल आणण्याची साधी रीत, टीएफटीपी, १९८१ सालीं लेखबद्ध झाली. पत्ता विचारण्याची बूटपी १९८५ सालीं, आणि तिची सुधारलेली आवृत्ति डीएचसीपी १९९३ सालीं. या सर्वांची सांगड घालणाऱ्या इंटेलच्या पीएक्सईची २.१ ही आवृत्ति १९९९ ची.

लाभ उघड आहे. सुधारणा एकदां सर्व्हरवर केली, कीं यंत्र पुन्हां सुरू होतांच ती ३० ठिकाणीं पोंचते. पण खानावळ बंद राहिली तर सारेच उपाशी! सर्व्हर थांबला, कीं वर्ग थांबतो. सर्व यंत्रें एकदम सुरू केलीं, तर दारांत गर्दी होऊन विलंब लागतो. शिवाय हांकेला कोणीहि परका उत्तर देऊं शकतो, आणि भोळें यंत्र त्यावर विश्वासतें. म्हणून वर्गाचें जाळें निराळें ठेवावें, सर्व्हरला बॅटरीचा आधार द्यावा, आणि त्याच्या डिस्कची प्रत दुसरीकडे राखावी.

तीस ठिकाणीं विखुरलेली काळजी या युक्तीनें एके ठिकाणीं येते. ती नाहींशी होत नाहीं. ती वाहणारा एक जाणता शिक्षक मात्र गांवांतच हवा.