डोकेदुखी आणि डोळ्याच्या नसेची सूज



डोके दुखू लागले की घरात बाम चोळतात, आणि शाळेतल्या मुलाचे दुखत असले तर गुरुजी म्हणतात, "याला चष्मा लागला असेल." पुष्कळदा एवढ्यावर भागतेही. पण एखाद्या डोकेदुखीचे मूळ कवटीच्या आत वाढलेल्या दाबात असते. तो दाब डोळ्याच्या नसेला सूज आणतो, आणि वेळीच ओळखला नाही तर दृष्टी नेतो. ही सूज कशाने येते आणि कशाने लपून राहते, ते आज पाहू.

कवटी म्हणजे हाडांची बंद पेटी. तिच्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी, एवढ्या तीनच वस्तू. मोठ्या माणसात हे पाणी सुमारे १५० मिलिलिटर असते. रोज सुमारे ५०० मिलिलिटर नवे तयार होते आणि तेवढेच रक्तात जिरते. पेटी काही ताणत नाही. तेव्हा एक वस्तू वाढली आणि दुसरीने जागा दिली नाही, की दाब चढलाच.

आता याचा डोळ्याशी संबंध काय? डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस मेंदूच्याच आवरणात गुंडाळलेली असते, आणि त्या आवरणात तेच पाणी खेळते. ठाण्याच्या किंवा कल्याणच्या खाडीकाठी राहणाऱ्यांना पुढचे सांगायला नको. भरती आली की नाल्याचे पाणी खाडीत उतरत नाही, ते मागे तुंबते. तसेच येथे होते. नसेच्या बारीक तंतूंतून डोळ्याकडून मेंदूकडे एक जीवनरस सतत वाहत असतो. कवटीतला दाब चढला की तो डोळ्याच्या मागच्या तोंडाशी अडतो आणि तेथे नस फुगते.

आता, भरती सारखी असली तरी प्रत्येक नाला सारखाच तुंबत नाही. दाब किती चढला आणि किती दिवस राहिला, यावर सूज अवलंबून असते. ती दिसायला बहुधा एकदोन दिवस, कधी अधिक लागतात. म्हणून झाडावरून पडलेल्या माणसाच्या डोळ्यात पहिल्या काही तासांत सूज दिसली नाही, तरी तो सुखरूप आहे असे समजू नये. तान्ह्या बाळाची टाळू भरलेली नसते. दाबाला तेथे वाट मिळते, म्हणून सूज कमी दिसते, पण टाळू फुगते आणि डोके मोठे होत जाते. नसेभोवतीची वाट एका बाजूला अरुंद असली तर एक डोळा जास्त सुजतो, दुसरा कमी. आणि जी नस आधीच वाळून गेली, ती सुजतच नाही. तेव्हा सूज उतरली म्हणजे दुखणे बरे झाले, असे दरवेळी नसते.

दाब वाढण्याची कारणे पुष्कळ आहेत: मेंदूतली गाठ, क्षयाने मेंदूच्या आवरणाला आलेली सूज, पाण्याची वाट बंद होणे. न धुतलेल्या भाजीपाल्यावरून पोटात गेलेल्या पट्टकृमीच्या अंड्यांपासून मेंदूत गाठी होतात, हेही एक कारण. वजन फार वाढलेल्या तरुण स्त्रियांत गाठ नसतानाही दाब चढतो. शंभर किलोमागे पाच ते पंधरा किलो वजन उतरवले की तो पुष्कळदा कमी होतो. मुरुमांवरच्या काही गोळ्या, टेट्रासायक्लिन वर्गातली औषधे आणि अ जीवनसत्त्वाचा अतिरेक यांनीही असे होऊ शकते. मुलांना सरकारी मोहिमेत ठरावीक मात्रेत मिळणारे अ जीवनसत्त्व मात्र चुकवू नये.

एका कारणाबद्दल घरातल्या वडीलधाऱ्या बायांना मुद्दाम सांगायचे आहे. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे, अशी रीत काही घरांत आहे. बाळंतपणानंतर रक्त तसेही लवकर गोठते. त्यात अंगातले पाणी आटले तर डोक्यातल्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. मग रक्ताचा निचरा अडतो, दाब चढतो, झटकेही येतात. तेव्हा बाळंतिणीला तहान लागेल तितके पाणी द्या. तिचे डोके सतत दुखत असेल तर "बाहेरचे काही" म्हणून दिवस घालवू नका.

ओळखायचे कसे? डोकेदुखी पहाटे किंवा आडवे झाल्यावर वाढते. उलटी होते. वाकले किंवा उठले की काही क्षण डोळ्यांपुढे अंधारी येऊन जाते. कधी एकाच्या दोन वस्तू दिसतात, कधी कानात नाडीच्या ठोक्याबरोबर सूं सूं आवाज येतो. शिक्षकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: सुरुवातीला दृष्टी चांगली असते. मूल तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचते! नजर पुढे कडेकडेने आकसते, आणि मधली नजर गेल्यावर घरच्यांना कळते. तोवर फार उशीर झालेला असतो.

म्हणून चष्म्याचा नंबर काढून थांबू नये. डोळ्याचा मागचा पडदा तपासून घ्यावा. त्याचे यंत्र जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने १८५१ साली जगापुढे आणले. म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, त्याच्या दोन वर्षे आधी! १८६० साली फॉन ग्रेफे याने मेंदूच्या विकारात नसेला येणारी ही सूज वर्णन केली. तपासणी काही मिनिटांची असते आणि ती दुखत नाही. सूज दिसली म्हणजे दाबच वाढला असेही नव्हे. फार चढलेला रक्तदाब किंवा नसेचा दाहही असू शकतो. म्हणून डॉक्टर रक्तदाब मोजतात, मेंदूची चित्रे काढतात, आणि मगच पाठीच्या कण्यातून पाणी काढून दाब मोजतात.

कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर, कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे; पुढे परळचे के.ई.एम. आणि भायखळ्याचे जे.जे. आहे. शहापूर-मुरबाडच्या मंडळींनी आधी जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, "डोळ्याचा पडदा तपासायला हवा का?" डोकेदुखीबरोबर झटके, गुंगी, ताप येऊन मान ताठणे किंवा नजर एकाएकी कमी होणे, यांतले काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका. गेलेली नजर परत आणणे पुष्कळदा वैद्यकाच्या हाती नसते. असलेली राखणे मात्र आपल्या हाती आहे.