पाचोड ते ऑपरेशनचं टेबल

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सराईत डॉक्टरांना दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पाचोडच्या एखाद्या आजीला त्या टेबलापर्यंत पोचायला मात्र वर्ष-दोन वर्षं सहज जातात. आधी ‘वय झालं, आता असंच दिसायचं’ म्हणून सोडून दिलं जातं. मग कापूस वेचणीत घरचं कुणी मोकळं नसतं, मग मोसंबीची तोड येते, आणि ऊन तापलं की ‘आता थंडीतच करू’. छत्रपती संभाजीनगर इथून सुमारे ५० किलोमीटर. पण आजीला एकटीला एसटीची पाटीही वाचता येत नाही. हे अंतर कमी करणं हेच लायन्स क्लबच्या नेत्रकार्यातलं सर्वांत मोलाचं काम, असं माझं ठाम मत आहे.

शिकागोतले विमा व्यावसायिक मेल्विन जोन्स यांनी १९१७ मध्ये ही संघटना उभी केली. धंद्यातल्या माणसांनी धंद्यापलीकडे गावासाठी काही करावं, एवढाच विचार होता. अंधांचा प्रश्न तिच्यापुढे ठेवला हेलन केलर यांनी. स्वतः अंध आणि कर्णबधिर असलेल्या केलर ३० जून १९२५ रोजी ओहायोतल्या सीडर पॉइंटच्या अधिवेशनात उभ्या राहिल्या आणि अंधाराविरुद्धच्या लढाईत अंधांचे शिलेदार व्हा, असं त्यांनी आवाहन केलं. पाचच वर्षांनी पिओरिया क्लबच्या जॉर्ज बोनहॅम यांनी एका अंध माणसाला रस्ता ओलांडताना पाहिलं. हातातली काळी काठी गाडीवाल्यांना दिसतच नव्हती. काठी पांढरी रंगवून तिला लाल पट्टा द्यायची कल्पना तिथून निघाली.

भारतात १९५६ साली मुंबईत पहिला क्लब निघाला. इथे अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण मोतीबिंदू, म्हणजे ऑपरेशनने दूर होणारं. त्यामुळे आपल्याकडे लायन्सची ओळख झाली ती नेत्र शिबिरांनी. शासनाचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये आला, आणि लायन्सची ‘साइटफर्स्ट’ ही जागतिक मोहीम १९९० मध्ये.

पूर्वी शाळेच्या वर्गातच ऑपरेशनं व्हायची. टाके पडायचे, मुक्काम लांबायचा आणि शेवटी जाड भिंगाचा चष्मा नाकावर बसायचा. जंतुसंसर्गाची धास्ती कायम असे. आता गावात फक्त तपासणी होते, ऑपरेशन रुग्णालयातच.

तपासणी अशी चालते. आधी रिक्षावरून पुकारा. शिबिराच्या दिवशी नावनोंदणी झाली की एक डोळा झाकून नजर पाहतात. अक्षरओळख नसेल तर इंग्रजी ‘ई’सारख्या खुणेची तोंडं कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं; तेही दिसत नसेल तर समोरची बोटं मोजायची. बॅटरीच्या उजेडात बाहुली पांढुरकी दिसली की मोतीबिंदूचा संशय पक्का होतो. मग डोळ्याचा दाब, रक्तदाब, साखर. साखर फार वाढलेली असेल तर ती आटोक्यात आल्यावरच तारीख मिळते, आणि पुष्कळ म्हातारी माणसं इथेच गळतात. त्यांना औषध सुरू करून पुढच्या शिबिराला परत बोलावणारा क्लब मला मोठ्या आकड्यांचे फलक लावणाऱ्या क्लबपेक्षा थोर वाटतो.

निवडलेल्यांना बसने रुग्णालयात नेतात. तिथे भिंगाचा नंबर मोजतात आणि ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्याच्या वर कपाळावर खूण करतात. गर्दीत डोळा चुकू नये म्हणून ही खूण आणि केसपेपर टेबलाजवळ पुन्हा ताडून बघतात. भूल फक्त डोळ्यापुरती. बुबुळाच्या कडेला बोगद्यासारखी छोटी चीर घेऊन गढूळ भिंग बाहेर काढतात, कृत्रिम भिंग आत बसवतात. चीर आपोआप मिटते, बहुतेकदा टाका लागत नाही. मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबायचं आता कारण नाही. उलट फार पिकला तर ऑपरेशन अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडतात आणि घरी पाठवतात. पुढचे चार ते सहा आठवडे थेंब घालायचे, डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, चुलीच्या धुरापासून लांब राहायचं. डोळा लाल होऊन दुखू लागला किंवा नजर एकदम मंदावली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. महिन्या-दीड महिन्याने चष्म्याचा नंबर काढतात. ‘दिसतंय की!’ म्हणून ही फेरी अनेक जण टाळतात. घरच्यांनी ती चुकवू देऊ नये, आणि दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू असेल तर त्याची तारीख त्याच वेळी मागून घ्यावी.