पोटाचं दुखणं आणि पावसाळ्यातला व्हायरल

पावसाळा सुरू झाला की हॉस्टेलवर व्हायरल येतोच. एका रूममध्ये कोणी शिंकलं की चार दिवसांत अख्खी विंग खोकायला लागते. बहुतेकांचं काम आराम आणि पॅरासिटामॉलवर भागतं. पण ज्याला आयबीडी आहे, त्याच्यासाठी हे गणित थोडं वेगळं असतं.

आयबीडी म्हणजे इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, आतड्याला वारंवार सूज येण्याचा आजार. मेसच्या जेवणाने बिघडणारं पोट ते हे नव्हे, आणि टेन्शनने वाढणारा आयबीएसही नव्हे. याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात होतो. क्रोन्स डिसीज मात्र पचनमार्गात कुठेही होऊ शकतो. न्यूयॉर्कच्या डॉ. बरिल क्रोन यांनी दोन सहकाऱ्यांसह १९३२ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, म्हणून हे नाव.

आता आपल्या भाषेत बोलू. प्रतिकारशक्ती ही एक कंट्रोल सिस्टिम आहे. जंतू आला की चालू, गेला की बंद. आयबीडीमध्ये 'बंद हो' हा सिग्नल नीट पोचत नाही आणि शरीराची फौज आपल्याच आतड्यावर तुटून पडते. मग डॉक्टर सिस्टिमचा गेन कमी करतात. स्टिरॉइड, अझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅब ही त्यातली औषधं. पण गेन कमी झाला की व्हायरसशी लढणारी फौजही कमी पडू शकते. खरी अडचण इथेच आहे. (मेसालामिन हे औषध मुख्यतः आतड्यातच काम करतं, त्यामुळे त्याचा हा त्रास नाही.)

मग पेशंटने औषधं बंद करावीत का? २०२० साली कोविड आला तेव्हा हाच प्रश्न जगभर विचारला गेला. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 'सिक्युअर-आयबीडी' नावाची नोंदवही सुरू केली. तिच्यात देशोदेशीचे डॉक्टर आपापल्या पेशंटची माहिती भरू लागले. ३३ देशांतल्या पहिल्या ५२५ पेशंटचा हिशोब त्याच वर्षी आला. स्टिरॉइड घेणाऱ्यांमध्ये कोविड गंभीर होण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. इन्फ्लिक्सिमॅबच्या जातीच्या औषधांनी मात्र तसा धोका वाढलेला दिसला नाही.

गंमत म्हणजे त्याच जूनमध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत दिसलं, की ऑक्सिजनवर गेलेल्या कोविड पेशंटचे जीव डेक्सामेथासोन वाचवतं. तेही स्टिरॉइडच! विरोधाभास वाटतो, पण टायमिंग बघा. सुरुवातीला व्हायरसला अडवायचं असतं, तेव्हा फौज लागते. पुढे तीच फौज बेफाम होऊन फुप्फुसाचं नुकसान करते, तेव्हा तिला आवरावं लागतं.

म्हणून आयबीडीच्या पेशंटने ताप आला की स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. औषध सुटलं की आतड्याची सूज उसळते, आणि ती दाबायला पुन्हा स्टिरॉइडच घ्यावं लागू शकतं. स्टिरॉइड एकदम थांबवणं तर धोक्याचंच, कारण शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी केलेलं असतं. एखादा डोस पुढे ढकलायचा का, हे ठरवणं डॉक्टरांचं काम.

आणि आपण काय करायचं? अंगदुखीवर आपण एकमेकांना सर्रास आयब्युप्रोफेनची गोळी देतो. आयबीडीत ती दुखणं उसळवू शकते. पॅरासिटामॉल त्यापेक्षा बरं. उगाच अँटिबायोटिक देऊ नये. व्हायरसवर ते चालत नाही, आणि आतड्यातले चांगले जंतू मात्र मारतं. फ्लूची इंजेक्शनवाली मेलेल्या व्हायरसची लस या पेशंटना चालते. नाकात मारायची जिवंत व्हायरसची लस प्रतिकारशक्ती दाबलेल्यांनी टाळावी. धाप लागली, ताप उतरेना किंवा शौचातून रक्त गेलं, तर सकाळची वाट न बघता रेक्टरना उठवा.

शेवटचं एक. दहा वेळा टॉयलेटला जाणाऱ्या मुलाला आपण नावं ठेवतो. त्यामुळे तो आजार लपवतो, आणि आजारी पडल्यावर नेमकं काय सांभाळायचं हे रूममेटला ठाऊकच नसतं. चेष्टा थांबली, तर तो निदान एकाला तरी सांगेल. एवढं पुरेसं आहे.