मेंदूतले सूर
गेल्या वर्षी आमच्या वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्या सोबत्याला फिट आली. एम.आर.आय.त मेंदूत गाठ दिसली. पण क्षयाची की कर्करोगाची? चित्र मुके! मग डॉक्टरांनी त्याच यंत्रात गाठीतली रसायने ‘ऐकली’.

चुंबकाजवळ निरनिराळ्या रेणूंतला हायड्रोजन निरनिराळ्या सुरांत बोलतो. १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये मद्यार्कातून असे तीन सूर वेगळे काढणाऱ्या तिघांत डॉ. धर्मट्टी होते, पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनीच ही विद्या रुजवली. आता ७ टेस्लाच्या चुंबकात हे सूर अधिक सुटे होऊन मेंदूचा रासायनिक नकाशाच उमटतो.

सोबत्याच्या गाठीत स्निग्धांचा सूर चढा होता. पेशी भराभर वाढताना चढणारा कोलीनचा सूर मात्र बेताचा. ही क्षयाची खूण! औषधे लागू पडली. यंदा आकाशकंदील त्यानेच बांधला.