आहुप्याची भैरवनाथाची राई

मंचरहून घोडेगाव ओलांडून पश्चिमेस निघालेला रस्ता डिंभे धरणाच्या जलाशयाच्या काठाकाठाने वळणे घेत, ज्याच्या नावाने तालुक्याची दफ्तरे आजही चालतात ते जुने आंबेगाव जेथे पाण्याखाली गेले ती जागा मागे टाकून, सह्याद्रीच्या ऐन धारेवर जेथे पोचतो, तेथे आहुपे हे महादेव कोळ्यांचे गाव आहे. गावापलीकडे जमीनच तुटलेली आहे. खाली मुरबाडचा मुलूख आणि समोर गोरक्षगड-मच्छिंद्रगडाचे सुळके. प्रवासी बहुधा हा कडा पाहावयास येतात. परंतु ज्याला या प्रदेशाचे मर्म जाणून घ्यावयाचे आहे, त्याने कड्याकडे पाठ करून भैरवनाथाच्या राईत शिरावे.

चैत्र-वैशाखात भोवतालचे माळ करपून गेलेले असताना राईत मात्र सावली दाट असते. अंजनी, जांभूळ आणि पिसा ही या उंचीवरील सदाहरित वनाची त्रयी. तिच्या जोडीला हिरडा, आंबा आणि झाडाझाडांना गुंतवीत वर गेलेल्या वेली. पायाखालचा पाचोळा हाताने बाजूस सारून पाहावा. वरची पाने कोरडी व कुरकुरीत, त्यांखालची कुजून नुसत्या शिरांची जाळी उरलेली, आणि त्याही खाली बुरशीच्या पांढऱ्या तंतूंनी बांधलेली काळी, गार माती. उघड्या कातळावर पडलेला पाऊस पाहता पाहता वाहून जातो. या मातीत मुरलेला पाऊस झऱ्यांच्या रूपाने सावकाश बाहेर येतो. घोड नदीचा उगम याच परिसरातला, आणि डिंभ्याचे धरण त्याच घोडेवर बांधलेले. खालच्या बागायतदाराने आपल्या पाटाच्या पाण्याचा हिशेब मांडताना या वरच्या राईंची आठवण ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

राईचे क्षेत्र लहान, म्हणून तिचे मोल लहान ठरत नाही. भीमाशंकरच्या वनातील शेकरू शक्यतो जमिनीवर न उतरता फांदीवरून फांदीवर झेपावत हिंडते. शेंड्यांची ही सलग वाट तुटलेल्या मुलखात अशा राया त्याच्या मुक्कामाच्या जागा होतात. फळे खाणारे पक्षी येथूनच बिया घेऊन उडतात, आणि ओसाड पडलेल्या रानात पुन्हा जांभूळ रुजले तर ते बहुधा अशाच एखाद्या राईचे देणे असते.

हे वन राखले कोणी? १८७८ च्या जंगल कायद्याने सरकारने रानांवर आपला अंमल बसविला, पुढे मालकीच्या रानांवर कोळशाच्या ठेकेदारांची कुऱ्हाड चालली, आणि या दोहोंच्या मधे ज्या थोड्या जागा तगून राहिल्या, त्या देवाच्या नावाने राखलेल्या होत्या. सह्याद्रीतील पुष्कळ गावांत राईतली वाळकी काटकीही घरच्या चुलीसाठी उचलीत नाहीत. देवळाच्या दुरुस्तीसाठी एखादे झाड हवेच असेल, तर देवाला कौल लावावा लागतो. मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुले वा तांदूळ चिकटवून सारे गाव समोर बसते, आणि उजवा कौल मिळाला तरच कुऱ्हाड उचलली जाते. या विधीला केवळ अंधश्रद्धा म्हणून निकालात काढणाऱ्यांनी त्यातील शहाणपण ध्यानात घ्यावे: तोडीचा निर्णय एकट्यादुकट्याच्या हाती न राहता तो सर्वांच्या देखत आणि सावकाशीने व्हावा, अशी ही तजवीज आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांची जी पाहणी केली, तिच्यामुळे या ग्रामव्यवस्थेकडे विद्वानांचे लक्ष वेधले गेले.

आजचे संकट निराळे आहे आणि ते भक्तीच्याच वाटेने येते. कौलारू देवळाच्या जागी काँक्रीटची वास्तू, तिच्यासमोर फरशीचे प्रांगण, तेथवर मोटारीचा रस्ता, असा जीर्णोद्धार सह्याद्रीतील अनेक गावी झाला, आणि त्यासाठी ज्या वृक्षांच्या छायेत देव शतकानुशतके बसला तेच वृक्ष तोडले गेले. हे रोखण्यास एक साधन हाताशी आहे: २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवण्याची तरतूद केली आहे. प्रत्येक राईची हद्द, तिच्यातील झाडे-झरे आणि गावाने पाळलेली वहिवाट या नोंदवहीत लेखी उतरली पाहिजे. आणि जुने नियम ज्यांना मुखोद्गत आहेत ती वडीलधारी माणसे आज हयात आहेत, तोवरच हे काम नीट होऊ शकेल.